कडवं संपलं की कान

सुमनकाकी कुणालाही काही आणायला पाठवायची नाही. आमच्या वाडीत पोरांना दिवसभर कोणी ना कोणी पळवत असतं. जा मीठ आण, जा काडेपेटी आण, बघ जा एसटी आली का. काकीच्या घरी हे बंद होतं. चहापूड संपली तर ती स्वतः उठायची, डोक्यावर इरलं नाहीतर प्लास्टिकची पिशवी घ्यायची आणि पावसातून दुकानाकडे निघायची. कोणी म्हणालं, "काकी, एखाद्या पोरीला धाड की," तर म्हणायची, "पोरीचे पाय पोरीसाठी हायेत. माजे हायेत ना मना."

पाहुण्यांना ती विक्षिप्त वाटायची. वाडीतल्या कुणाला वाटली नाही. आम्हाला कारण माहीत होतं.

ती ठेंगणी होती. बोटं जाड, टोकाला चपटी. पन्नाशी उलटली तरी भातलावणीला सगळ्यांच्या पुढे असायची. दाताला सकाळी मिशेरी लावल्याशिवाय बोलायची नाही आणि लावल्यावर गप्प बसायची नाही. जे दिसेल ते वाजवून बघायची खोड होती तिला. एसटीची सीट, दुकानातला पिंप, कलिंगड, पाळण्यातल्या पोराचं पोट. पोराच्या पोटावर दोन बोटं हलकी मारून म्हणायची, "हा चांगला लागलाय. पोटभर प्यायलाय." एकदा तलाठी वाडीत आला होता. त्याच्या स्कूटरची टाकी वाजवून तिने सांगितलं, "सायब, पेट्रोल भरा. घाटात अडकाल." तलाठी हसला आणि घाटात अडकला.

रत्नागिरीपासून एसटीने तासाभराच्या अंतरावर आमची बौद्धवाडी. गावाचं देऊळ, शाळा, पेठ, चांगली भातशेती हे सगळं सपाटीवर, रस्त्याच्या पलीकडे. आमची वाडी रस्त्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे माती जांभ्या दगडावरून घसरत येऊन थांबते तिथे. ही जागा आमच्या पणज्यांनी हौसेने निवडली नव्हती. सपाटी ज्यांनी वाटली, त्यांनी उतार आम्हाला सोडला. डोंगराच्या माथ्यावर सडा आहे, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आणि त्या सड्यावर चिरेखाण निघाली. चिरे कापून नेले. मागे राहिले भले मोठे चौकोनी खड्डे. पावसाळ्यात ते तळ्यासारखे भरतात आणि ते पाणी डोंगराच्या पोटात उतरतं. माझे वडील शिक्षक होते. त्यांनी यावर गुलाबी कागदावर पत्रक छापून गावभर वाटलं होतं. आमच्या घरात गोष्टीची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. मी अक्षरं त्यांवरच शिकले. ग्रामपंचायतीने त्या पत्रकाचं काय केलं ते मी पाहिलं आहे. त्यात भजी बांधून दिली होती.

आता त्या संध्याकाळचं सांगते.

वर्षावास चालू होता. पावसाच्या या महिन्यांत आमच्याकडे रोज संध्याकाळी विहारात वंदना आणि ग्रंथवाचन होतं, आणि मग गाणी. गाणी म्हणजे सुमनकाकीची गायन पार्टी. सगळ्या बायाच. काकी मांडीवर आडवी ढोलकी घेऊन स्वतः वाजवायची आणि स्वतःच गायची. पेटीवर संगीता, बाकी आम्ही कोरसला. काकीची मुलगी वैशाली माझ्या डाव्या बाजूला बसायची. तिचा आवाज आईपेक्षा बारीक आणि आईपेक्षा खरा होता, असं काकीच म्हणायची.

पावसात ढोलकी सादळते. कातड्याची पुडी सैल पडते, थाप मारली की ओल्या गोणपाटावर मारल्यासारखी वाजते. म्हणून काकीकडे दोन ढोलक्या होत्या. एक विहारात. दुसरी घरी चुलीवरच्या माळ्यावर, धुरात, कोरडी ठणठणीत. त्या संध्याकाळी विहारातली ढोलकी पहिल्याच गाण्यात बसली. काकीने वैशालीकडे बघितलं. "जा गो, माळ्यावरची घेऊन ये. आमी तवर ध्रुपद वढताव." वैशालीने टॉवेल डोक्यावर घेतला आणि ती वरच्या आळीकडे, घरी पळाली.

गाणं काकीने स्वतः बांधलेलं होतं. ध्रुपद असं:

दार उघडं ठेव माय, उजेड येतोय वाटेनं.

वैशाली येईपर्यंत पुढचं कडवं घ्यायचं नव्हतं. म्हणून आम्ही ही एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो. टाळ, पेटी, टाळ्या. ढोलकी मेलेली म्हणून आम्ही जास्तच जोर लावला. पोरं नाचायला लागली. ओळ रंगली. इतकी रंगली की डोंगर सुटल्याचं आम्हाला ऐकू आलं नाही. दिवे गेले. विहाराची जमीन पायाखाली हलली आणि ओळ तोंडातच तुटली. बाहेर आलो तेव्हा वरच्या आळीच्या जागी लाल चिखल होता आणि त्यातून फणसाचं एक झाड उलटं वर आलं होतं.

वरच्या आळीतले जे विहारात आले होते ते वाचले. जे घरी होते ते गेले. आणि जी विहारातून घरी गेली ती गेली.

पुढे या घटनेची दोन वाक्यं झाली. एक वाक्य वर्तमानपत्रवाल्यांचं होतं: गाण्याने वाडी वाचवली. दुसरं वाक्य वाडीत कुणी मोठ्याने बोललं नाही: गाण्याने आपण बहिरे झालो. दोन्ही खरी होती. काकी या दोन वाक्यांच्या मधे राहत होती.

आम्हाला काही महिने पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. पत्र्यावर पाऊस पडला की डोंगर आल्यासारखा आवाज होई. पोरं ओरडत उठत, आणि मोठी माणसं ओरडत नसत एवढाच फरक. पुनर्वसनाची जागा मिळणार होती. ती अजून मिळणारच आहे. शेती खाली वाडीतच होती, गुरं तिथेच होती, म्हणून जी घरं उभी होती त्यांत आम्ही परतलो. याला सरकारी कागदात 'स्वेच्छेने' असा शब्द आहे. तो शब्द मी विसरणार नाही.

काकीने ढोलकीला हात लावणं सोडलं होतं. वस्तू वाजवून बघणंही. वाडीने वर्षश्राद्धासारखे जुने विधी केव्हाच सोडले होते. आमच्यात मृतांसाठी पुण्यानुमोदन होतं, त्यात गाणी लागतातच. वर्ष भरत आलं तेव्हा संगीता आणि मी तिच्याकडे गेलो. ती भात निवडत होती.

"काकी, तू नाय गायलीस तर बाहेरची पार्टी बोलवावी लागंल," संगीता म्हणाली.

"बोलवा."

"त्यांना वैशू गायची ती गानी येत नायत."

काकीने सूप खाली ठेवलं. "मी गायला लागली की मना काय ऐकायला येत नाय. तुमाला पन येत नाय. मंग डोंगराचा कोन ऐकनार?"

उत्तर आणलं जुबेदाबीने. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून ती आठवड्यातून दोनदा एसटीने मासळी घेऊन यायची. काकीच्या ओट्यावर पाटी उतरवायची, बांगड्यांचा भाव वाढवून सांगायची आणि कमी करून द्यायची. तिचा भाऊ ट्रॉलरवर तांडेल होता, बोट तोच हाकायचा. त्या दिवशी तिने आमचं बोलणं ऐकलं आणि पाटीवरचा कपडा नीट करत म्हणाली, "सुमनबाय, थंडीत दर्यावर धुकं पडलं की माझा भाऊ काय करतो म्हाईत हाय? बोट चालू ठेवतो, आणि मधीच इंजिन बंद करतो. सगळे गप्प. कान लावतात. दुसरी बोट येते काय, खडपावर पानी फुटतंय काय. काय नाय ऐकलं, का परत इंजिन चालू. धुकं हाय म्हनून कोन घरी बसतं काय?"

काकीने बांगड्याच्या पाटीच्या कडेवर दोन बोटं मारली. टण टण. वर्षभरात पहिल्यांदा.

तिथून 'कान' सुरू झाला. प्रत्येक कडवं संपलं की काकी ढोलकीवरचा हात उचलायची. पेटीचा भाता बंद, टाळ छातीशी. एक बाई दारात उभी, डोंगराकडे तोंड करून. आम्ही सगळ्या श्वास धरून ऐकायचो. पाऊस, पागोळ्या, वाडीच्या कडेने वाहणारा पऱ्या, कुत्रं, कुणाचं तरी खोकणं. सगळं जागच्या जागी असलं की दारातली बाई मान हलवायची आणि काकीची थाप पडायची. पहिल्या वेळी मला ते सहन झालं नाही. गाण्यात असताना भीती दूर असते. ती शांतता तुम्हाला उचलून पुन्हा भीतीत नेऊन बसवते. गेलेली माणसंही त्या शांततेत येऊन बसायची. माझ्या डाव्या बाजूची जागा आम्ही रिकामी ठेवत होतो. कान द्यायची वेळ आली की मला त्या बाजूला श्वास ऐकू यायचा, आणि मी मान वळवायची नाही.

सगळी गाणी व्हायची. फक्त 'दार उघडं ठेव माय' व्हायचं नाही. कोणी फर्माईश केली तर काकी म्हणायची, "त्याचा ध्रुपद अजून चालू हाय. ता संपला की कडवा घेऊ."

पुढच्या वर्षी रत्नागिरीला गायन पार्ट्यांची स्पर्धा होती. आम्ही गेलो. स्पर्धेआधी काकीने आम्हाला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं आणि तिथे बसून आम्ही डबे खाल्ले. तिला तिथे बरं वाटलं. म्हणाली, "हितं मागं काय नाय. सगळा पुढंच हाय." संध्याकाळी सभागृहात तिने पहिलं कडवं गायलं आणि हात उचलला. आम्ही थांबलो. संगीता सवयीने दाराकडे बघायला लागली. प्रेक्षकांना वाटलं, बाया गाणं विसरल्या. मागून कोणीतरी शिट्टी मारली, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. काकीने तिचा वेळ पुरा घेतला आणि मग दुसरं कडवं धरलं.

परीक्षक संगीत शिक्षक होते, भले गृहस्थ. त्यांनी नंतर बोलावून सांगितलं, "बाई, गळा चांगला आहे. हातही गोड आहे. पण दर कडव्यानंतर तुमची लय तुटते. ती जागा काढून टाका, नंबर नक्की येईल."

काकी म्हणाली, "सायब, ह्या हालच्या मागं डोंगर हाय का?"

"नाही. मागे पार्किंग आहे."

"मंग तुमी नका थांबू. आमी थांबताव."

आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. पितळेची छोटी समई. परतीच्या एसटीत काकीने ती वाजवून बघितली आणि म्हणाली, "पोकळ हाय, पन सूर लावते. परीक्षकावानी." सगळी गाडी हसली.

मी तेव्हा चिरेखाणीविरुद्ध नवं पत्रक लिहीत होते. तिला वाचून दाखवलं. मी भाषण केल्यासारखं वाचलं, एका दमात. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "चांगला हाय. पन तू लोकांना ऐकायला टाईमच देत नायस गो. एक वाक्य बोल. मंग गप ऱ्हा. त्यांना त्यांचा डोंगर ऐकू येऊ दे." ग्रामसभेत मी तसंच वाचलं. एका वाक्यानंतर थांबले, तर मागे बसलेला खाणीचा मुकादम उठून बाहेर गेला. तरी खाण बंद झाली नाही. आजही झालेली नाही. पण त्या दिवशी सपाटीवरच्या चार बायांनी माझ्या कागदावर सह्या केल्या.

तिसऱ्या पावसाळ्यात, वर्षावासातच, सलग पाऊस लागला. शाळा बंद, लावणी थांबलेली. अशा दिवसांत बाया आणि पोरं दुपारपासूनच विहारात येऊन बसायची, कारण घरात एकट्याने तो पाऊस ऐकवत नसे. पुरुषमाणसं बरीचशी मुंबईला, काही तालुक्याला कामावर. काकीने ढोलकी घेतली. दोन कडवी झाली. तिसरं संपलं. तिने हात उचलला.

आम्ही ऐकलं. पाऊस होता. पागोळ्या होत्या. पेटी सोडून दारात गेलेल्या संगीताने मान हलवायला सुरुवात केली. काकीने हात खाली घेतला नाही.

"पऱ्या कुठाय?" ती म्हणाली.

मला अजून त्या दोन शब्दांनी जाग येते. एवढा पाऊस पडत होता आणि पऱ्याचा आवाज नव्हता. रोज ऐकत असलेला, विहाराच्या उजव्या भिंतीमागचा तो आवाज कोणीतरी काढून नेला होता. वर कुठेतरी माती सरकून पाणी अडलं होतं आणि तुंबत होतं.

काकी ओरडली नाही. "उठा. चपला ऱ्हाऊ देत. पोरांना रस्त्यापलीकडं, शाळेत. पळू नका, पडाल." मग तिने ढोलकीची दोरी गळ्यात घातली आणि ती उलट दिशेला, घरांकडे निघाली. मी तिच्या मागे गेले. दर घरापुढे दोन थापा. दारं उघडत होती, माणसं बाहेर येत होती. शेवटच्या घरात आप्पा होते, ऐंशीच्या पुढचे. खाटेवर बसून राहिले.

"सुमन, मी एकदा वाचलोय. मना आता कट्टाळा आलाय."

"आप्पा, मेल्यावर झोपायला लय टाईम हाय. आता चला, नायतर मी हितंच बसतंय आनि गातंय. माजा गानं तुमाला आवडत नाय, मना म्हाईत हाय."

आप्पा उठले. त्यांना धरून आणताना पायवाटेवर काकीचा पाय घसरला आणि गुडघा चिऱ्यावर आपटला. ती तशीच चालत राहिली.

शाळेच्या पडवीत आम्ही उभे राहिलो आणि काहीच झालं नाही. पाऊस पडत होता, डोंगर जागेवर होता. थोड्या वेळाने माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कोणीतरी हसलं. संगीता म्हणाली, "काकी, मी भात चुलीवर ठेवून आलंय. पटकन जाऊन येतंय." काकी शाळेच्या फाटकात बसली होती, पाय लांब करून. तिने ढोलकी आडवी टाकून वाट अडवली. "भात करपू दे."

"अगो, पन काय नाय ना झाला..."

"करपू दे म्हनतंय ना."

संगीता रागाने वळली आणि तेव्हाच तो आवाज आला. मला त्याची उपमा देता येत नाही, आणि द्यायचीही नाही. गेल्या वेळी तो आमच्या टाळांखाली गाडला गेला होता. या वेळी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत आम्ही ऐकला. पऱ्या फुटून चिखलासह खाली आला. उरलेली घरं गेली, विहाराची मागची भिंत गेली, संगीताची चूल आणि भात गेला. माणूस एकही गेलं नाही.

काकी आता दापोलीला बहिणीकडे असते. गुडघा कायमचा बसला आहे. आम्ही पुन्हा पत्र्याच्या शेडमध्ये आहोत आणि मी पुन्हा कागद लिहिते आहे. पण मला काकी आठवते ती त्या संध्याकाळची, शाळेच्या वर्गातली.

अंधारून आलं होतं. पोरं थरथरत होती, काही थंडीने, बहुतेक भीतीने. कोणीतरी म्हणालं, "काकी, काहीतरी म्हण." ढोलकी भिजून चिंब झाली होती म्हणून आम्ही ती पटांगणापलीकडच्या खिचडीच्या खोलीत, चुलीजवळ शेकत ठेवली होती. काकी उठायला गेली. गुडघा सुजून टम्म झाला होता. पुन्हा हात टेकला, पुन्हा बसली.

संगीताची मनाली, दहा वर्षांची, उठून उभी राहिली. "काकी, मी आनू?"

संगीता भिंतीकडे बघायला लागली. काकीने दाराबाहेर बघितलं. पटांगणात पाऊस कोसळत होता आणि पलीकडे चुलीचा लाल ठिपका दिसत होता. वैशालीनंतर तिने कुणालाही काहीही आणायला पाठवलं नव्हतं. मी तिचा हात बघत होते. बोटं जमिनीवर वाजत नव्हती, घट्ट दाबलेली होती.

"जा," ती म्हणाली. "दार उघडा ठेव."

मनाली पळाली. काकीने टाळीवर सुरू केलं. दार उघडं ठेव माय, उजेड येतोय वाटेनं. आम्हाला कळायच्या आत आम्ही कोरस धरला होता. तीच ओळ. पुन्हा तीच. कोणी डोळे मिटले नाहीत. सगळ्या दाराकडे बघत होत्या. मला वाटलं, आता जमीन हलेल. प्रत्येक वेळी ओळ संपताना वाटलं. माझ्या डाव्या बाजूची जागा रिकामी होती आणि मी त्या बाजूला बघितलं. पहिल्यांदाच. ओळ पुन्हा आली, पुन्हा गेली. संगीताचा आवाज फुटला, तिने तो परत जोडला. पोर येत नव्हती.

मग पडवीत ओल्या पावलांचा आवाज झाला आणि मनाली दारात आली, ढोलकी फ्रॉकमध्ये गुंडाळून पोटाशी धरलेली. "गरम हाय काकी," ती म्हणाली.

काकीने ढोलकी घेतली. पुडीवर तळवा ठेवला, तसाच थोडा वेळ. मग मनालीच्या पोटावर दोन बोटं हलकी मारली, ढोलकी मांडीवर घेतली आणि तीन पावसाळे अडकलेलं कडवं गायलं:

आला गो आला, दमून आला, त्याला घोटभर पानी द्या,
ज्यांच्या घरी तो पोचला न्हाई, त्यांची नावं घ्या.

कडवं संपलं. काकीने हात उचलला. आम्ही कान दिला. पाऊस होता, लांब पऱ्या धावत होता, आणि अगदी जवळ, माझ्या डाव्या बाजूला येऊन बसलेली एक पोर धापा टाकत होती.